कोठीतली ओ

१

केळीच्या कोठीला दार लावायच्या आधी आत हाक मारायची, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन मी जळगावहून पारोळ्याला आले, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आवरेना. माझं तोंड आधीच फटकळ. माहेरी आई म्हणायची, कमल, सासरी तरी जिभेला लगाम घाल गं. कसला लगाम नि कसलं काय!

आमचा धंदा केळी पिकवायचा. चोपड्याकडून कच्चे घड ट्रकने यायचे. झुलाल आणि इतर गडी ते कोठीत रचायचे, खाली-वर वाळका पाला टाकून. कोठी म्हणजे घरामागची बिनखिडकीची जाड भिंतींची खोली. कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्यांची धुरी पेटवायची, दार ओढायचं आणि दाराच्या फटी चिखलाने लिंपून टाकायच्या. धूर आत कोंडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी चिखल फोडायचा, की माल पिकायला लागला. यात शास्त्र म्हणाल तर एवढंच.

पण लिंपण्याआधी माझ्या सासूबाई पुढे यायच्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणत असे. एक पाय उंबऱ्यावर, एक हात चौकटीला. "कोन शे मझार?" आत कोण आहे, म्हणून खणखणीत हाक. मग थांबायचं. परत हाक. मग तळहात भिंतीला टेकवून, डोळे मिटून उभं राहायचं. गडी तोवर तंबाखू मळत खाली मान घालून थांबलेले. चिखल लावून झाला तरी अक्का दाराला कान लावायच्या.

"अक्का, केळी ओ देणारेत का?" मी एकदा विचारलंच. गडी हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेल्या.

झुलाल मला समजावायला लागला, की वहिनी, ही धंद्याची रीत आहे. पूर्वी कधीतरी एखादा गडी आत राहून गुदमरला असेल, त्यावरून पडली असेल. सगळे तसंच समजत होते. बाजारपेठेतल्या दुसऱ्या वखारवाल्यानेसुद्धा आमचं बघून हाक मारायला सुरुवात केली होती.

२

पुढे काही वर्षांनी अक्कांचा गुडघा सुजला होता, त्या दिवशीची गोष्ट. भर दुपार होती. आमचे हे, म्हणजे भाईदास, बाजार समितीत गेले होते. ट्रक रिकामा झाला, धुरी पेटली. झुलाल म्हणाला, "वहिनी, आज तुम्ही हाक मारा."

मी पदर खोचला, अक्कांसारखा एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि नाटकीपणाने ओरडले, "कोण आहे आत?"

"ओ."

अगदी साधी. कामात असलेलं माणूस मान वर न करता देतं ना, तशी. बारीक आवाजाची.

मी म्हटलं, "झुलालभाऊ, बाहेर या, दार लावायचंय."

"वहिनी, मी तं तुमना मांगे शे," झुलाल माझ्या पाठीमागून म्हणाला. बाकीचे गडीही अंगणातच होते, हातात चिखल घेऊन.

मी बॅटरी मागवली आणि आत गेले. धूर डोळ्यांना झोंबत होता. घडांच्या रांगांमधून कसंबसं माणूस जाईल एवढी वाट. पार मागच्या भिंतीपर्यंत बघितलं. केळी, पाला, मडकं. बाहेर येऊन मी गड्यांना विचारलं, तुम्ही कोणी ऐकलं का? कोणीच काही ऐकलं नव्हतं.

मग मला माझाच राग आला. आवाज घुमला असेल, दुसरं काय! दार लावलं, चिखल लागला, गडी गेले. मी चुलीपाशी येऊन कणीक भिजवायला घेतली आणि मग डोक्यात आलं, की मालाने गच्च भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही.

३

पोळ्या करताना हात थांबायचा. मागची भिंत बघितली खरी, पण डावीकडचा कोपरा बघितला का? बघितला. नक्की? नक्की बघितला. मग तिथे काय होतं सांग बरं? आणि तेच नेमकं आठवेना.

मी स्वतःला शिव्या घातल्या. मॅट्रिक पास झालेली बाई मी, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टर उडवणारी. तरी संध्याकाळपर्यंत मी त्या दारापाशी किती खेपा घातल्या, मलाच ठाऊक. एकदा तुळशीला पाणी घालायचं निमित्त, एकदा वाळलेले कपडे काढायचं. जाऊन कान लावायचा. आत काही नाही. परत यायचं. परत आले की छातीत धडधडायला लागायचं, इतकं की ब्लाऊज हलताना दिसायचा. बोटांना मुंग्या यायच्या. घसा कोरडा पडायचा आणि वाटायचं, आता श्वास आत जाणारच नाही, आता मी इथेच मरणार.

दुसऱ्या दिवशी कोठी फोडली. केळीच होती. मला इतकं हलकं वाटलं की मी झुलालला चहाबरोबर लाडू दिला. म्हटलं, संपलं एकदाचं.

कसलं संपतंय! पुढच्या ट्रकला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. अक्का बऱ्या झाल्या, हाक परत त्याच मारायला लागल्या. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी असायची आणि अक्कांच्या हाकेनंतर मला ती बारीक ओ ऐकू यायची. कधी यायची, कधी नाही. नाही आली तर जास्त भीती वाटायची. बाई गं, आज का नाही दिली, आतमध्ये काय झालं असेल?

पुढे पुढे कोठी भरलेली नसली तरी धडधड सुरू व्हायची. बाजारात, देवळात, न्हाणीत. पहाटे कोणी हलवल्यासारखी जाग यायची. जेवण जाईना. आरशात बघितलं तर गळ्याची हाडं वर आलेली.

४

मी कोणाला सांगितलं नाही. का ते सांगते.

आमच्या गल्लीत वनाभाऊंचं घर. त्यांची थोरली सून अशीच भ्यायला लागली होती. घराबाहेर पडेना, स्वयंपाकघरात बसून थरथरायची. कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे नाटकं करते. शेवटी तिला वेडी ठरवलं आणि शिंदखेड्याला माहेरी नेऊन घातली. तिचा मुलगा मात्र इकडेच ठेवून घेतला. वेड्या बाईपाशी पोर कसं ठेवायचं, म्हणाले. ती एकदा एस.टी.ने आली होती त्याला बघायला. दारातूनच परत पाठवली तिला. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. काही बोलले नाही, एवढी फटकळ असून.

माझी लता तेव्हा तिसरीत होती. एकुलती एक. तिच्यावरून मी जीव ओवाळून टाकायची. तोंडातून एक शब्द गेला की लता गेली, एवढंच मला कळत होतं. म्हणून मी हसायची, बडबडायची, सगळ्यांची टर उडवायची, आणि कोणी बघत नसलं की दाराला कान लावायची.

सगळ्यात जास्त मी भ्यायची ती अक्कांना. त्या बोलायच्या कमी, पण त्यांची नजर हलायची नाही. पोळी करपली, दुधाला विरजण लागलं नाही, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. त्यांनी ठरवलं असतं तर यांनी मला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं.

५

भाजीबाजारात मी चक्कर येऊन पडले, तेव्हा हे घाबरले. मला जळगावला हृदयाच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. छातीला वायरी लावल्या, लांब कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती हातावर उलगडून बघितली.

"ताई, हार्ट अगदी ठणठणीत आहे."

"मग मला हे होतं ते काय होतं?"

"झोप लागते का?" त्यांनी विचारलं. "सारखी काळजी वाटते? काही वाईट होणार असं?"

मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीपाशी उभे होते. "छे हो," मी म्हणाले, "मला कसली काळजी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "धुळ्याला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर आहेत. एकदा भेटून या. यात लाजण्यासारखं काही नाही."

"मी काय वेडी आहे का?" मी ताडकन उठले. आवाज इतका चढला की बाहेरचे पेशंट डोकावले. परतीच्या गाडीत हे एरंडोलपर्यंत तिकिटाची गुंडाळी करत बसले. मग म्हणाले, "मन, म्हणे. आपल्याकडे असलं काही नको बुवा." मी लगेच मान डोलावली, आणि खिडकीकडे तोंड करून रडले. मला काय झालंय ते त्या माणसाला कळलं होतं, आणि मीच त्याच्या तोंडावर दार लावून आले होते.

६

होळीच्या आधीचा माल. नवसारीचा एक व्यापारी पहिल्यांदाच आमच्याकडून घेणार होता, म्हणून हे खूश होते. कोठी गच्च भरली. अक्कांनी हाक मारली, हात टेकवला, दार लागलं, चिखल लागला. मी लांब उभी. ओ आली नाही.

सगळे जेवायला बसले. लता शाळेत. मी वाढत होते, आणि माझ्या कानात ती न आलेली ओ. डाळीची वाटी हातात तशीच राहिली. मनात म्हटलं, कमल, हे खोटं आहे. प्रत्येक वेळी खोटंच निघालं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, आणि आज नसलं तर?

मी वाटी खाली ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. कुदळ-बिदळ काही घेतली नाही. नखांनी तो ओला चिखल ओरबाडला. दार ओढलं तेव्हा धूर भस्सकन तोंडावर आला. मागून झुलाल ओरडत होता, "वहिनी, काय करतस! माल जाई!"

धूर जरा विरळ झाला. मागच्या भिंतीला, घडांच्या आडोशाला, कोणीतरी बसलं होतं.

पाठ माझ्याकडे. गुडघे पोटाशी घेतलेले. हात पुढे कुठेतरी, दिसले नाहीत. कोणी रागावलं म्हणून कोपऱ्यात जाऊन बसावं तसं. मी किती वेळ बघितलं? एक श्वास, फार तर. मला एवढंच वाटलं, की बाई म्हणावी तर फार लहान आहे ही. आणि मग ती मान वळवायला लागली.

मी दार आपटलं. झुलालने ते परत उघडलं, आत गेला, खोकत बाहेर आला. "कोनी नही मझार," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, आणि मला ती कानफटात मारल्यासारखी लागली.

७

तो माल कच्चा-पक्का निघाला, डाग पडले. नवसारीवाल्याने पाठ फिरवली. गल्लीत तर त्याच संध्याकाळी बातमी. भाईदासभाऊंच्या घरात म्हणे काहीतरी झालंय, बायको नखांनी दार फोडते.

यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. ओसरीवर बसून जमिनीकडे बघत म्हणाले, "चार दिवस जळगावला जाऊन ये. जरा आराम पडेल."

"लताला घेऊन जाते."

"लता राहील इथे. शाळा आहे तिची."

मी भिंत धरून खाली बसले. धडधड, मुंग्या, सगळं एकदम.

अक्का आतून आल्या. मला वाटलं, आता या बोलणार आणि संपणार. त्या गुडघा धरत माझ्यासमोर खाली बसल्या, माझे हात हातात घेतले आणि नखांतला वाळलेला चिखल बघत राहिल्या. मग तळहात माझ्या छातीवर ठेवला. भिंतीला लावायच्या ना, तस्साच. डोळे मिटले.

"कधीपाईन?" त्यांनी विचारलं. कधीपासून?



"ओ येस का?" त्यांनीच पुढे विचारलं. ओ येते का?

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"माले बी येस," अक्का म्हणाल्या.

यांनी मान वर केली. "अक्का, काय बोलतेस?"

मग त्या बोलल्या. इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्या कोठीत कधीच कोणी राहिलं नव्हतं. कोणी गुदमरलं नव्हतं. त्यांच्या सासूच्या वेळेलाही नाही. ती रीतबित काही नव्हती. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांच्या मनात भीती शिरली, की आपण कोणाला तरी आत कोंडून टाकणार. हाक मारली की घटकाभर बरं वाटायचं. म्हणून हाक. मग हाकेने भागेना, म्हणून हात. हाताने भागेना, म्हणून कान. लोकांनी त्याला धंद्याची रीत म्हटलं आणि त्यांनी म्हणू दिलं. सगळा जन्म असा गेला, रात्रीची झोप नाही, कुठल्या लग्नाला मन लावून जाणं नाही. आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांनाही हीच धास्ती, वेडी म्हणतील आणि पोर काढून घेतील. ते पोर म्हणजे हे.

हे लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"जळगाव नही," अक्का म्हणाल्या, "धुये. तुले तो डागदर सांगस ना, तठे. आम्ही दोन्ही जनी जाऊत."

"लोक काय म्हणतील, अक्का?"

"काय म्हनतीन ते म्हनोत," त्या म्हणाल्या. "मन्हं आयुष्य गयं. हिन्हं जाऊ देवाव नही."

८

धुळ्याच्या त्या दवाखान्यात मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. साखळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. बाकावर एक कंडक्टर बसला होता, एक मास्तर, आणि एक नवी नवरी तिच्या भावाबरोबर. सगळे आमच्यासारखेच खाली बघत होते. कंपाउंडरने नाव विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच अक्का म्हणाल्या, "पहिलं मन्हं नाव लिख. भिकुबाई." त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

डॉक्टर तरुणच होते. ते मला विचारायचे आणि उत्तर अक्का द्यायच्या. धडधडतं का? धडधडतं. खोटं आहे हे कळतं, तरी बघितल्याशिवाय राहवत नाही? नही ऱ्हाववत. पोट बिघडतं? बिघडस. पहाटे जाग? अक्का नुसत्या हसल्या, डॉक्टर त्यांच्या घरात राहून गेल्यासारखं विचारत होते म्हणून.

"भीती सगळ्यांनाच वाटते," डॉक्टर म्हणाले. "पण ती महिनोन्महिने जात नाही, कामात, झोपेत, जेवणात घुसते, तेव्हा तो आजार असतो. मधुमेहासारखाच एक. औषध आहे. बोलून, सवयी बदलूनही फरक पडतो. वेळ लागेल. वेड नाही हे."

मी विचारलं, "मला कोठीत दिसलं ते?" आणि सगळं सांगितलं. पाठ, गुडघे, वळणारी मान. ही गोष्ट मी तोवर कोणापाशी बोलले नव्हते.

अक्का खुर्चीवर ताठ झाल्या.

"ती तोंड दखाडस नही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मी नवी व्हती तव्हय ती नऊवारीमा व्हती, मन्ह्या सासूसारखी. मग मन्हासारखी दिसे. कमल उनी, तिन्हा मांगेन कमलसारखी." त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "दिवाईपाईन ल्हान व्हयनी. आते तिन्ह्या दोन येन्या शेतस."

आधी त्यांची सासू, मग त्या, मग मी; दिवाळीपासून मात्र लहान, दोन वेण्यांची, माझ्या लताच्या असतात तशा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. "घरात लहान मुलगी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"ती कोठीत बसलेली कोण, ते मला सांगता येणार नाही. भीतीमध्ये माणसाला खूप काही दिसतं, ऐकू येतं. दोघींना सारखं का दिसावं, मला ठाऊक नाही. पण एक ठाऊक आहे. अशी भीती घरात फिरते. थोडी रक्तातून, थोडी बघून बघून. मुलीशी बोला. तिला काय होतं ते विचारा, आणि पुढच्या वेळी तिलाही घेऊन या."

९

आम्ही परतलो तेव्हा दिवे लागायचे होते. कोठी रिकामी होती. यांनी आणि झुलालने सकाळीच उरलेला माल काढून, झाडून, दार सताड उघडं टाकलं होतं. ओसरीवरून पार मागची भिंत दिसत होती. नुसती धुराने काळी झालेली भिंत.

लता ओसरीवर पाटी-दप्तर पसरून बसली होती. मी तिला मांडीवर ओढून घेतलं. आता मोठी झालीस म्हणून कित्येक दिवसांत घेतलं नव्हतं. अक्का शेजारी टेकल्या.

"लते," मी म्हटलं, "तुला कशाची भीती वाटते का गं?"

मला वाटलं, नाही म्हणेल. मीही नाहीच म्हणाले होते.

"शाळेत पोटात गोळा येतो," ती म्हणाली. "बाईंनी नाव पुकारलं की तोंडातून आवाजच येत नाही. हात गार होतात. घरी येताना वाटतं, तू मेली असशील." हे सगळं ती पाढे म्हणावे तसं सांगत होती, सपाट आवाजात.

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते," लता म्हणाली. "पण तुम्ही दोघी सारख्या कोठीपाशीच असायच्या."

मला रडू फुटलं. मी तिला छातीशी दाबून धरलं आणि म्हटलं, "माझं चुकलं गं माझ्या राणी. आता सांग. रोज सांग. आपण तिघी धुळ्याला जाऊ, तिथले डॉक्टर चांगले आहेत, ते हसत नाहीत." तिने मान हलवली. तिचे हात खरंच गार होते. मी ते माझ्या हातात घेऊन चोळायला लागले.

आणि तेव्हा कोठीतून ओ आली.

कोणी हाक मारली नव्हती. दार उघडं, खोली रिकामी, लता माझ्या मांडीवर. तीच बारीक ओ, फक्त आज जरा जास्त लांबवलेली, बोलावल्यासारखी. उजेड कमी झाला होता आणि मागच्या भिंतीपाशी जमिनीलगत काहीतरी होतं, किंवा नव्हतं. माझी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या. पाय आपोआप उठायला बघत होते. एकदा जाऊन बघू, एकदाच, म्हणजे बरं वाटेल.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, एक हात जमिनीला टेकलेला, उठायच्या बेतात. त्यांनीही ऐकलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग अक्कांनी जमिनीवरचा हात उचलला आणि लताच्या पाठीवर ठेवला.

"बठी ऱ्हाय, कमल," त्या म्हणाल्या. "मी बी बठस."

मी बसून राहिले.